न पाठवलेला मेसेज

खून, दरोडे नोकरीत पुष्कळ पाहिले. पण गोंदियाचं नाव निघालं की मला आधी आठवते ती एका खासगी दवाखान्यातली नर्स. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. स्मार्टफोन खेड्यापाड्यात पोचले होते आणि त्यांच्या तक्रारी आमच्या टेबलावर येऊ लागल्या होत्या.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ती ड्यूटीवरून थेट, गणवेशातच आली होती. गाव अर्जुनी मोरगावकडचं, राहायला कुडव्यात भाड्याची खोली. गावाजवळच्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, तो राइस मिलमध्ये सुपरवायझर होता.

तिनं फोन माझ्यापुढे ठेवला. अनोळखी नंबरवरून एक चित्र आलं होतं. ते तिच्याच फोनच्या पडद्याचं होतं. होणाऱ्या नवऱ्याला लिहिलेला मेसेज त्यावर स्पष्ट दिसत होता: ‘मला लहानपणापासून फिट येतात. औषध सुरू आहे. तुम्हाला सांगायचं राहिलं.’ खाली धमकी होती. लग्न मोड, नाहीतर हे पोराच्या बापाला पाठवतो.

मी म्हणालो, “हा मेसेज त्या मुलाकडूनच फुटला असेल.”

“नाई साहेब. मी पाठवलाच नाई. लिहिला, वाचला अन् पुसून टाकला. हिंमतच नाई झाली.”

“मग दुसऱ्याला कसा दिसला?”

“तेच तं इचारायले आली मी,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

नंबर तपासला, तर सिमकार्ड भलत्याच माणसाच्या कागदपत्रांवर घेतलेलं होतं. ज्या दुकानदारानं तिच्या फोनची काच बदलली होती, त्याला ठाण्यात बोलावलं. तो पहिल्या प्रश्नालाच चिडला. “साहब, मैंने काँच बदली. अंदर का मेरेको कुछ मालूम नहीं.” पोलिसांपुढे जो लगेच चिडतो तो बहुधा खरा असतो, आणि प्रत्येक गोष्टीला ‘हो साहेब’ म्हणणाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं, हा माझा अनुभव. दुकानदाराला मी जाऊ दिलं.

मग फोन जिल्ह्याच्या सायबर शाखेतल्या महिला शिपायाकडे दिला. दुपारी तिचा फोन आला.

“सर, त्या चित्रात वरच्या कडेला एक बारीक चिन्ह आहे. पडदा टिपला जात असला की ते उमटतं. दवाखान्याच्या ड्यूटीचं वेळापत्रक दाखवणारं एक अॅप आहे यात. तेच हे करून राहिलं.”

“मालकिणीच्या परवानगीशिवाय?”

“फोन एकदा विचारतो, सर. अॅप टाकून देणाऱ्यानं स्वतःच ‘हो’ केलं आणि ‘पुन्हा विचारू नका’ यावर खूण केली. त्यानंतर अॅप आपलं आपण थोड्या थोड्या वेळानं पडद्याचे फोटो काढतं आणि बाहेर पाठवतं.”

ते अॅप दवाखान्यातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं स्वतः बनवलं होतं आणि सगळ्या नर्सच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. मात्र बाकीच्यांच्या फोनमधलं अॅप साधं निघालं.

त्याला लगेच उचललं असतं, तर त्यानं सगळं पुसून हात वर केले असते. म्हणून मी त्या मुलीला होणाऱ्या नवऱ्याच्या नावानं मेसेजच्या चौकटीत एक वाक्य लिहायला सांगितलं: ‘उद्या अकरा वाजता कुडव्याच्या रसवंतीवर या, अंगठी परत करते.’ ते थोडा वेळ पडद्यावर ठेवलं आणि पुसलं. कुणालाही पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रसवंतीच्या बाकावर बसली. साध्या कपड्यातले माझे दोन शिपाई तिथेच रस पीत होते. अकराच्या सुमारास समोरच्या झाडाखाली एक मोटारसायकल थांबली. ऑपरेटर! ड्यूटी सोडून आला होता.

ठाण्यात आणून त्याला आधी चहा दिला. चौकशीत माणसाला सुरुवातीला मोकळं बोलू द्यावं.

“कुडव्याला कायले गेला होता?” मी विचारलं.

“ऐसेच, साहेब. रस प्यायला.”

“एवढ्या लांब?”

तो बोलत सुटला. बोलता बोलता म्हणाला, “तिचा अंगठीचा मामला आहे, साहेब. मला कशाला मधे घेता?”

मी हळूच विचारलं, “अंगठीचं तुला कुणी सांगितलं?”

त्याचा चेहरा उतरला. नंतर त्यानंच सगळं सांगितलं. त्याला ती आवडत होती, त्यानं विचारलं होतं, तिनं नाही म्हटलं होतं. हे लग्न मोडलं तर ती आपल्याकडे वळेल, असं त्या शिकलेल्या माणसाला खरंच वाटत होतं. लॅपटॉप पंचांसमक्ष जप्त केला. त्यात तिच्या पडद्याची चित्रंच चित्रं होती.

आता एक अडचण होती. ही चित्रं पुरावा म्हणून दोषारोपपत्रात लागणार होती. मी तिला समजावलं, “बाई, ही गोष्ट न्यायालयात निघेल. त्या मुलाला आमच्या कागदातून कळण्यापेक्षा तू सांग.”

तिनं त्याला बोलावून घेतलं. माझ्या खोलीतच दोघं बसली. मी उठून बाहेर निघालो, तर तीच म्हणाली, “थांबा साहेब.” मग मान खाली घालून तिनं सगळं सांगितलं. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

शेवटी म्हणाला, “गोळी रोज घेऊन राहिली ना?”

“हो.”

“मंग झालं. बाबाले मी सांगतो. काऊन रडून राहिली आता?”

दाराशी उभी असलेली माझ्या ठाण्यातली महिला शिपाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मी गेलो होतो. त्या मुलाचा बाप मांडवात मला भेटला. हातात हात घेऊन नुसता हलवत राहिला. पुढे आरोपीला शिक्षाही झाली.

या प्रकरणानंतर माझ्या कामाची पद्धत थोडी बदलली. कुणाची खासगी गोष्ट फिर्यादीत उतरवायची वेळ आली की मी लेखनिकाला थांबवत असे आणि समोरच्याला विचारत असे, “हे घरात आधी कुणाला सांगायचं आहे का?” बहुतेक जण क्षणभर विचार करत आणि ‘हो’ म्हणत. मग आम्ही लेखणी खाली ठेवून वाट पाहत असू. तपासाचं त्यानं कधी नुकसान झालं नाही. फोन करून परत खोलीत आलेला माणूस मात्र खुर्चीत नीट टेकून बसायचा, आणि म्हणायचा, “लिहा साहेब आता.”