सरूच्या झाडाला बाशिंग

काय हसायचं ते आधीच हसून घ्या, मग सांगतो. माझ्या लग्नाच्या आधी माझं एक लग्न होऊन गेलंय, असं अर्धा बुलढाणा अजून मानतो. आणि ते झालं बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळच्या, सजावटीतून. आहे का पटण्यासारखं?

मी तेव्हा बुलढाण्याच्या कचेरीत नवा कारकून. आत्याकडे राहत होतो. रोहिणखेडच्या बापूसाहेबांच्या मुलीशी, यमुनेशी, माझं लग्न जमलं होतं. बघायला गेलो तेव्हा तिनं मान वर करून एकदाच पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर मी जगत होतो. बापूसाहेब म्हणजे मोठे जमीनदार, शब्दाचे पक्के आणि रागाचे त्याहून पक्के.

तर आमच्या इंग्रज साहेबाची नाताळच्या सामानाची पेटी मलकापूर स्टेशनातच कुठंतरी गहाळ झाली. मडमेनं मला बंगल्यावर बोलावलं. व्हरांड्यातल्या कुंडीत सरूचं झाड होतं. ते दाखवून म्हणाली, "बाबू, यह झाड सजाना मांगता. खर्चा नहीं. घर का चीज. बाजू में कुछ लटकता, ऊपर कुछ चमकता."

लटकतं, चमकतं आणि तेही घरचं. तुमच्या डोळ्यापुढे काय आलं असतं?

आत्याच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. मी म्हटलं, "आत्या, लग्नातलं काई उरलं हाय काय?"

तिनं पेटीतून पताका काढल्या, मुंडावळ्या काढल्या, बेगडाचं बाशिंग काढलं. "कापूसई घेऊन जाय," म्हणाली. "मडमेले बर्फ लागते म्हनतात."

हे सगळं घेऊन मी भर बाजारातून निघालो. बाशिंग चुरगळू नये म्हणून हातात उंच धरलेलं. पानवाल्यानं हटकलं, "काहो वामनराव, बाशिंग घेऊन कुठं चालले?"

"साहेबाच्या बंगल्यावर."

झालं. संध्याकाळपर्यंत साहेबाघरी लगन असल्याचं गावभर झालं. साहेबाला मुलगी नव्हती, पण मडमेची धाकटी बहीण होती. मग नवरदेव कोण? गावानं फार डोकं खाजवलं नाही. बाशिंग ज्याच्या हातात, तोच.

बड्या दिनाच्या सकाळी मी झाडाला पताका गुंडाळल्या, फांद्यांवर कापूस पसरला, मुंडावळ्या सोडल्या, शेंड्याला बाशिंग बांधलं. झाड असं देखणं दिसायला लागलं की त्याला उचलून घोड्यावर बसवावं. मडम बेहद्द खूश. एक मुंडावळी उरली होती, ती उचलून म्हणाली, "यह आदमी कैसे पहनता?"

मडमेला नाही कोण म्हणणार? मी कपाळाला बांधून दाखवली. तिची बहीण बघायला अगदी जवळ येऊन उभी राहिली.

तेवढ्यात फाटकाशी सनई सुरू झाली.

साहेबाच्या घरचं कार्य, बोलावण्याची वाट काय बघायची, म्हणून वाजंत्री आपणहून आले होते. त्यांच्या मागं नारळ घेतलेले आसपासचे पाटील. आणि सगळ्यांच्या पुढे बापूसाहेब. ते आदल्या दिवशी कोर्टाच्या कामानं आले होते, आणि गावानं त्यांना सगळं सांगितलं होतं.

त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग मडमेच्या बहिणीकडे. "वामनराव, माह्या पोरीले काय सांगू मी?"

मी घाईघाईनं म्हटलं, "बापूसाहेब, हे लगन नाही. ह्या मुंडावळ्या झाडाच्या हायेत."

"झाडाच्या?"

"हाव. पाहा ना, बाशिंग झाडालेच बांधलं हाय."

बापूसाहेब झाडाभोवती एक चक्कर मारून आले. बाशिंग निरखून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "म्हनजे मडमेच्या बहिनीसंगं नाही. झाडासंगं लगन लावून राह्यले तुम्ही."

मी पुष्कळ समजावलं, पण सनईपुढे ऐकतं कोण? साहेब बाहेर आला, त्याला वाटलं हे सगळे नाताळच्या शुभेच्छा द्यायला आलेत. त्यानं एकेकाला केक दिला. पाटलांनी तो उपरण्यात बांधून घेतला आणि नारळ झाडापुढे ठेवले. म्हणजे आहेरही झाला.

रोहिणखेडला बैठक बसली. यमुनेची आजी हटून बसली, "एक लगन झालेल्या बिजवराले आमची पोरगी नाही द्यावाची." मी बाहेर ओसरीवर घाम पुसत बसलेला. शेवटी भटजींनी सोडवलं. अंतरपाट धरला नाही, मंगलाष्टकं झाली नाहीत, तेव्हा ते लग्न लागलंच नाही, असा निवाडा दिला. बापूसाहेबांनी मान हलवली आणि मुहूर्त काढला.

या सगळ्यावर यमुना मात्र एक अक्षर बोलली नव्हती. लग्नात बायकांनी आग्रह केला, नाव घे म्हणून. तिनं पुन्हा एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि भर मांडवात म्हणाली,

"साहेबाच्या बंगल्यात सवत माही सरू,
वामनरावांचं नाव घेते, झाडाशी काय भांडन करू?"