बोटीवरचं पिठलं

कुठलीही सुंदर गोष्ट समोर आली की आमच्या शेजारचे अप्पा आधी नाक उडवायचे आणि मग म्हणायचे, "ह्यात काय हाय बघण्यासारखं?" गड असो, धबधबा असो, नाहीतर कुणाच्या लग्नातली नवरी. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे हे वाक्य मी उठता-बसता ऐकलं आहे. माणूस साताऱ्याकडचा, मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा, पैसा बक्कळ. मन मात्र काडेपेटीत मावेल एवढं. मला हा माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मग असा माणूस फिरायला का जातो? तर फोटोसाठी! बाजूचा गाळेवाला दुबईला जाऊन आला, म्हणून ह्यांनी व्हिएतनाम काढलं. मी आणि माझे मिस्टर आधीच त्या टूरमध्ये होतो, त्यामुळे ही धोंड आयती आमच्या गळ्यात पडली. "होऊ दे खर्च!" असं जिन्यातून ओरडून सांगितलं त्यांनी, आणि बॅगेत भरलं काय? बेसन, कांदे, तिखटाचा डबा आणि विजेची छोटी शेगडी. "परदेशात उपाशी मरायला मी काय येडा हाय का?"

त्यांची बायको सुमनकाकी मात्र हरखून गेली होती. व्हिएतनामच्या 'हा लाँग' उपसागराचा फोटो मीच तिला मोबाइलवर दाखवला होता. हिरव्या पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर, आणि एका डोंगराच्या पोटातून, कमानीखालून पलीकडे जाणारी होडी. एवढी वर्षं खाडीच्या काठी राहून काकी कधी होडीत बसली नव्हती. जवळच्या दिवाळे गावात कोळ्यांकडे मासळी घ्यायला गेलो की ती पिशवी हातात धरून होड्यांकडे बघत राहायची. अप्पांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुला कशाला होडी? कुठं जायचंय?" विमानातसुद्धा ती माझ्या कानाशी लागून सांगत होती, "एकदा त्या कमानीखालून जायचंय गं मला. बाकी काय नको."

आमची मोठी बोट उपसागरात शिरली त्या सकाळी सगळी मंडळी डेकवर लोटली. बेटांमागून बेटं, अंगाखांद्यावर झाडोरा, पायाशी पाण्यानं कोरून काढलेली. क्रिकेटशिवाय कशासाठीही मान वर न करणारे माझे मिस्टरसुद्धा मान वर करून बघायला लागले. अप्पांनी डोंगरांकडे पाठ करून फोटो काढून घेतला आणि बायकोला म्हणाले, "चल खाली. पिठलं टाक. इथलं जेवान वास मारतंय."

तेवढ्यात गाईडनं सांगितलं की कमानीकडे जायच्या होड्या लागताहेत. भरती चढली की खालून जाता येत नाही, त्यामुळे दुसरी फेरी नाही. काकीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अप्पा, मी करते पिठलं. काकीला जाऊ द्या."

"मग लग्नाची बायको कशाला आनली?" असं म्हणून ते स्वतःच हसले. काकी मुकाट्यानं खाली गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

केबिनमध्ये शेगडी लावायची नाही, असं दारावर ढळढळीत चित्र काढलेलं होतं. अप्पांनी काय करावं? वास बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडकी घट्ट लावून घेतली. फोडणी तडतडली, खोलीभर धूर कोंडला आणि धोक्याची घंटा जी ठणाणा वाजायला लागली! खलाशी धावले, सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जॅकेटं चढवली. काकीलाही कुणीतरी जॅकेट घालून वर आणलं. तिच्या हातात पळी होती आणि पळीला पिठलं. कॅप्टन लालबुंद झालेला, गाईड विचारतोय, "कोणी केलं हे?"

आणि ज्याच्या एका हाकेनं मार्केटातले हमाल चळाचळा कापतात, तो हा बहाद्दर बायकोच्या मागे सरकला. तिच्याकडे बोट करून म्हणाला, "मी नको नको म्हनत हुतो. हिनंच केलं."

शी! इतका हलका माणूस मी जन्मात पाहिला नाही.

काकीनं वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पळी त्यांच्या हातात दिली. "अर्धं कच्चं हाय. खायचं आसंल तर ढवळत बसा." जॅकेट अंगात होतंच. तशीच शिडी उतरून ती शेवटच्या होडीत जाऊन बसली. मी धावले तिच्यामागे.

"अगं ए, मी काय खाऊ?" अप्पा कठड्यावरून ओरडत होते. वल्हवणाऱ्या बाईनं होडी हाणली. कमानीखाली गारवा होता. काकीनं हात वर करून ओला दगड चाचपला, आणि पलीकडच्या उजेडात आल्यावर ती चक्क रडली. मलाही रडू फुटलं.

जुईनगरला परत आल्यावर सोसायटीतली मंडळी अप्पांच्या हॉलमध्ये जमली. "सांगा अप्पा, कसं होतं?" कुणीतरी विचारलं. अप्पा खुर्चीत पुढे सरकले, घसा खाकरला. "बोट पेटली हुती बरं का. मी हुतो म्हनून..."

काकी चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि अप्पांच्या समोरच्या खुर्चीत बसली. त्या घरात चारचौघांत ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"त्यांना काय विचारताय? ते कुठं आले हुते? होडीत मी गेले हुते. घ्या चहा, सांगते."

अप्पा उठून आत गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही.