मामांची चौकशी

बायबलचा अभ्यास अपघाताच्या चौकशीसारखा करणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्याच सासरी निघाला. माझे मामेसासरे सारा जन्म रिफायनरीच्या सेफ्टी विभागात होते. कुठे काही पेटलं, फुटलं की जाऊन विचारायचं: काय घडलं, कुठे घडलं, कोण हजर होतं? निवृत्त झाल्यावर ते दर गुरुवारी संध्याकाळी बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आपल्या घरी आम्हा मोजक्या माणसांना जमवून शुभवर्तमानाला तेच प्रश्न विचारू लागले.

लग्न होऊन मी नगरहून बडोद्याला आले तेव्हा पहिल्या गुरुवारी मी सगळ्यांच्या मागे जाऊन बसले. माहेरी चर्चमध्ये पाळकसाहेब बोलायचे आणि आम्ही ऐकायचो. इथे उतारा वाचून झाला आणि मामा माझ्याकडे वळले. मी घाईघाईने म्हणाले, "यातून आपल्याला असा बोध मिळतो की..."

"बोध नंतर, सूनबाई," मामा आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "आधी जागेवर काय सापडलं ते सांग ने."

"मला... काही कळलंच नाही, मामा."

"सरस! आज कोणीतरी खरं बोललं," म्हणत त्यांनी मला इतक्या आनंदाने चहा दिला की माझा जीव भांड्यात पडला. न कळण्याचीही परवानगी असते, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

ऐकीव गोष्ट मात्र ते मुळीच चालवून घेत नसत. एकदा नवरा म्हणाला, बाळ येशूला भेटायला तीन मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, आले. मामा म्हणाले, "तीन कुठे लिहिलंय? बोट ठेव." नवऱ्याने पुन्हा पुन्हा वाचलं. भेटवस्तू तीन होत्या, माणसांचा आकडा नव्हताच. तो कळवळून म्हणाला, "अहो मामा, नाताळच्या नाटकात दरवर्षी तिसरा मीच असायचो!"

मग मामींच्या छातीत गाठ निघाली. रिपोर्ट यायचा होता, तरी गुरुवारी मामांनी दार उघडलं आणि नेहमीसारखं "बेसो, बेसो" म्हणाले. उतारा वादळात सापडलेल्या होडीचा होता. नवरा सांत्वनाचं काही बोलू लागला, पण मामांचं लक्ष नव्हतं. शेवटी मीच धीर केला.

"मामा, होडीत घाबरलं कोण होतं?"

"शिष्य."

"मग त्यांनी काय केलं?"

"झोपलेल्या प्रभूला उठवलं." मामांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे घाबरलोय असं सांगितलं त्यांनी. मग मीही सांगतो. मला फार भीती वाटते गं."

सेव-उसळीची ताटली घेऊन मामी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हे मला आधी सांगितलं असतंत, तर मी एकटी घाबरत बसले नसते."

रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. फोन मामांनी लावला आणि मामींच्या हाती दिला, मामींनीच सांगितलं. मी ओट्यापाशी खाली बसून पोटभर रडले.

आता दोघं लेकीकडे पुण्याला असतात. गुरुवारी मला आठवते ती रिपोर्टनंतरची संध्याकाळ. मामांनी मामींना स्वयंपाकघरातून बोलावून शेजारी बसवलं आणि त्यांच्याच हाती पुस्तक दिलं. मामी सावकाश वाचत होत्या. मामांनी एकदाही अडवलं नाही. खोलीत अंधारून आलं तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही.