मानेचा पट्टा

खुंटीवरच्या मानेच्या पट्ट्याला अजून बामचा आणि लूमच्या तेलाचा वास येतो, आणि तो आला की माझं डोकं फिरतं. मणक्यातली गादी झिजलीय म्हणून डॉक्टरांनी तो गळ्यात बांधला, त्याच दिवशी मी नवागामच्या दवाखान्यातून तसाच कामावर गेलो होतो. उजव्या हातात बोटांपर्यंत मुंग्या, डाव्या हातात बॉबिन. आमच्या लूमच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. सगळं बोलणं मानेनं आणि हातानं चालतं. पाळीवर देखरेख करणारे आमचे बुटके मास्तर समोर आले, शेजारच्या दोन बिनकारागिराच्या लूमकडे बोट करून त्यांनी भुवई उडवली, म्हणजे यापण सांभाळशील का? मी नाही म्हणायला गेलो तर पट्ट्यात मान हलेचना. खालीही बघता येईना, म्हणून त्यांचं तोंड दिसावं यासाठी अख्खा कमरेतून वाकलो. मास्तर खूश! अंगठा दाखवून पाठमोरे झालेसुद्धा. "ओ मास्तर, नाही जमणार!" मी बोंबललो, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. पाळी संपेपर्यंत माझ्या दोन धरून चारही लूम माझ्या गळ्यात, आणि हाताचं पार लाकूड झालेलं. बाहेर त्यांना गाठलं तर म्हणतात, "अरे भाई, तूच तर वाकून हो बोलला!" आता बायको रोज म्हणते, "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय, बांधा ना तो." मी मान हलवतो, डावीकडे, मग उजवीकडे. कळ करंगळीपर्यंत जाते. जाऊ दे. नाही म्हटलेलं समोरच्याला कळतं तरी.