झाकलेली भाकर

खरं सांगतो, मी तिच्यावर जळायचो. थोडंथोडकं नाही, पोटात दुखेपर्यंत. मी तीन वर्षं घर सोडून धर्मशास्त्र शिकलो, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. आणि ही धाड गावच्या बाजारात लसूण-मिरची विकणारी बाई, सही म्हटली की अंगठा पुढं करणारी! पण आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणाचं काही अडलं, की लोक माझं दार ओलांडून तिच्या पालाखाली जाऊन बसायचे. माझी बायकोसुद्धा! मी विचारलं, "काऊन वं, घरात मी नाही का?" तर म्हणते, "तुम्ही समजावून सांगता हो. पण तिच्यापाशी बसलं की बरं वाटते."

त्यात आमचे म्हातारे पाळक निवृत्त झाले. नवे पाळक बुलडाण्याहून महिन्यातून एकदाच, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून खायच्या रविवारी येणार. बाकीच्या रविवारी उपदेश कोणी करायचा, हे पंचमंडळी ठरवणार होती. नावं दोनच, माझं आणि तिचं. त्या जागेसाठी मी किती वर्षं जीव टाकत होतो, ते मलाच ठाऊक.

ठरवायचं होतं त्या रविवारी पाळकांनी मला बोलायला उभं केलं. प्रभुभोजनाचाच दिवस होता. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. ज्याचा कोणाशी अबोला असेल त्यानं आधी तो मिटवायचा, मग भाकरीला हात लावायचा. कोणी समेटासाठी उठून गेलं, तर ते परत येईपर्यंत भाकरीवरचं पांढरं फडकं काढायचं नाही. माझ्या आठवणीत कोणी उठलेलं नव्हतं. मी त्या रीतीवरच बोललो, आणि काय बोललो! म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ती उठली, पदर सावरला आणि सरळ बाहेर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बघवलं नाही ना बाईला!

मग तिच्या शेजारणीनं सांगितलं, जीपनं जावेच्या गावी गेली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघींचा सहा वर्षं अबोला होता.

आता काय, बसा! दोन तास भाकर झाकलेली. पोरं रडायला लागली, पाळक घड्याळ पाहतायत. मी पंचांना म्हणालो, "उरका ना आता, किती वाट पाहाची?" त्यावर दोन बाक मागं बसलेला माझा सख्खा लहान भाऊ भिंतीकडे पाहत पुटपुटला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं सगळ्यांना पाठ होतं. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून आम्ही चार वर्षं बोलत नव्हतो. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

ती आली, घामानं भिजलेली. "दार नाही उघडलं तिनं," म्हणाली. "तुम्ही घ्या भाकर. माहं राहू द्या." आणि मागं जाऊन बसली. फडकं निघालं. मी हात पुढं केला, घेतली, खाल्ली. भावानं नाही घेतली.

सभेनंतर पंचांनी तिलाच विचारलं, उपदेश करशील का? मी शेजारीच उभा, जीव मुठीत धरून. ती म्हणाली, "मी काऊन? याइलेच द्या. सहा वर्षं माहा पाय उचलला नाही, तो आज याइचं ऐकून उचलला." टोमणा असता तर मी भांडलो असतो. नव्हता हो, तीच तर पंचाईत!

जागा मला मिळाली. तिच्या शब्दावर मिळाली, हे अजून गळ्याखाली उतरत नाही. दर रविवारी ती पुढच्या बाकावर बसते आणि मी काय सांगतो ते मन लावून ऐकते. तिसऱ्या खेपेला जावेनं दार उघडलं म्हणे, चहाही दिला. ते ऐकून मी पुन्हा जळलो. तिला तिथं जायला जीपनं पाऊण तास लागतो. माझ्या भावाचं दार माझ्या उंबऱ्यापासून बारा पावलांवर आहे. उंबऱ्यात उभं राहून नजरेनंच मोजलीत मी.