तपासणीच्या आदल्या दिवशी

आमचं उपकेंद्र कुरकुंभच्या पलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. दोन खोल्या आणि एक ओटा. तिथं नर्स म्हणून मला चौदा वर्षं झाली. थकवा असा एका दिवसात आला नाही. कधी मुरला ते कळलंच नाही.

त्या मंगळवारी गरोदर बायांची तपासणी होती आणि बुधवारी पुण्याहून केंद्राची गुणवत्ता तपासायला पथक येणार होतं. महिनाभर आम्ही त्याच्याच मागे होतो. कचऱ्याच्या लाल-पिवळ्या बादल्या, हात कसे धुवायचे त्याचा तक्ता, औषधांवर चिठ्ठ्या. मी सकाळपासून रजिस्टरातले मागचे रिकामे रकाने भरत बसले होते. कसे भरत होते ते विचारू नका.

बाहेर बाकावर पाच-सहा बाया. शेवटची बिहारकडची, आठवा महिना, नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामाला. तिनं डोक्याला ओढणी घट्ट आवळून बांधली होती.

"दीदी, सिर बहुत दुखता है."

"थोडा बैठो," मी म्हणाले.

दोन तासांनी ती आत आली, तेव्हा मी वर न बघताच तिचं कार्ड घेतलं, गोळ्या दिल्या आणि कार्डावर, रजिस्टरात, दोन्हीकडं बीपीच्या रकान्यात ११०/७० लिहिलं. दंडाला पट्टा न लावताच. हात सवयीनं चालला.

दुपारी आशाताई फरशी पुसत होती. ती केंद्रातली मदतनीस, गावातलीच, माझ्याहून वयानं मोठी. पुसता पुसता म्हणाली, "ताई, त्या बिहारच्या पोरीचं पाय बघितलं का? लई सुजल्यात. चपला हातात घिऊन गेली चालत."

"कधी गेली?"

"झाला की तास. तुम्हीच सोडली न्हवं?"

मी रजिस्टर तसंच उघडं टाकलं. बीपीचं यंत्र पिशवीत घातलं, आशाताईला मागं बसवलं आणि स्कूटी काढली. कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांपैकी एकीत ती जमिनीवर आडवी झाली होती. पट्टा लावला. १७०/११०. परत लावला. तेवढंच.

"आँख के सामने कुछ चमकता है," ती म्हणाली.

अॅम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला, आणि तिला झटके कधीही येऊ शकत होते. नवऱ्याला फोन लागेना. कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करतात. शेवटी आम्ही दोघीच तिला घेऊन दौंडला निघालो. गाडीत आशाताईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळी वाट तिच्याशी मराठीत बोलत राहिली. तिला किती समजत होतं कोण जाणे, पण ती 'हाँ, हाँ' म्हणत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कार्ड बघितलं. "सकाळी एकशेदहा? आणि आता हे?"

"सकाळी मी बीपी घेतलंच नव्हतं, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळेही जागरणानं लाल झाले होते. "खोडा ते. खरं लिहा आणि सही करा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी सिझर झालं. मुलगी, दीड किलोची. काही दिवस तिला पेटीत ठेवावं लागलं, पण जगली. आईही जगली.

बुधवारी पथक आलं. बादल्या बघितल्या, तक्ता बघितला. त्यातल्या एका साहेबांचं बोट रजिस्टरातल्या खाडाखोडीवर थांबलं; रात्री परतल्यावर मी तिथंही ११०/७० खोडून खरं लिहिलं होतं. मी घडलं ते सांगितलं. ते हळूच म्हणाले, "बाई, हे असं सांगत नसतात," आणि त्यांनी पान उलटलं. आमचं केंद्र पास झालं.

दीड महिन्यानं ती पोरीला लस द्यायला घेऊन आली. "दीदी, आप घर तक आईं, इसलिए बच गए," म्हणून माझा हात धरून उभी राहिली. मला तिला त्या सकाळचं खरं सांगायचं होतं, पण सांगितलं नाही. ती गेल्यावर मी आशाताईला म्हटलं, "हिंदीत कसं सांगावं ते सुचलं नाही."

"मराठीत तरी कुठं सुचलं असतं," ती म्हणाली.

आता प्रत्येकीचं बीपी मोजून होईपर्यंत मी रजिस्टर उघडत नाही. मंगळवार संपायला संध्याकाळ होते. बाया कुरकुरतात, स्वयंपाकाला उशीर होतो म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे.