माडाखालून दिलेला होकार

मी यवतमाळकडची. शाळा सातवीत सुटली. श्रीवर्धनच्या बाजूला, या नारळ-सुपारीच्या वाडीत आले ती एका निवृत्त मास्तरांना सांभाळायला. मी त्यांना आजोबा म्हणायची. मुलगा पुण्याला; घरात आम्ही दोघंच. दुपारी ते मला शिकवायचे. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरायला लावला. आजवर माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं. म्हणून असेल, त्यांचं काही चुकतंय हे दिसलं तरी मी नजर वळवायची.

त्यांच्या दोन्ही कानांत मशीन होतं. घर शांत असलं की माझं पुटपुटणंसुद्धा ऐकू जायचं, वर "वाक्य पूर्ण कर" म्हणायचे. पण आजूबाजूला गलका झाला की नुसतं "हो, हो". कान तपासणाऱ्या बाईंनी मला समजावलं होतं. मशीन आवाज मोठा करतं, पण गलक्यातून हवं ते बोलणं वेचायचं काम डोक्याचं, आणि या वयात ते दमतं. मुलाच्या कानावर घाला, असंही त्या म्हणाल्या. मी घातलं नाही.

बोर्ली पंचतनच्या बाजारात एकदा त्यांचा जुना विद्यार्थी भेटला. रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड, त्यात तो आई गेल्याचं सांगत होता. आजोबा हसून म्हणाले, "हो, हो. छान." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पिशवी उचलली आणि त्यांना पुढे नेलं.

दर रविवारी मुलगा फोनवर विचारायचा, बाबांना नीट समजतं ना? मी हो म्हणायची. नाही म्हटलं तर तो त्यांना पुण्याला नेणार, आणि मी पुन्हा बापाच्या दारात.

वाडीत नारळ उतरवायची एक रीत आहे. माडावरचा माणूस वरून विचारतो, सरलात काय? खालच्यानं आधी बाजूला व्हायचं, मग हो म्हणायचं. तो होकार आल्याशिवाय कोयता घडाला लागत नाही. खालून हो म्हणायचं काम कित्येक वर्षं आजोबांचंच.

त्या बुधवारी नारळ उतरवणं चालू असतानाच शेजारच्या वाडीत ग्रासकटर सुरू झाला. मी पडवीत होते. आजोबा माडाच्या बुंध्याशी वाकून नारळ गोळा करत होते. वरून हाक आली, ती मलाही ऐकू आली. आजोबांनी मान वर न करता खणखणीत "हो" म्हटलं आणि तिथंच वाकून राहिले.

मी ओरडले का, आठवत नाही. घड त्यांच्या टाचेमागे वीतभर अंतरावर आदळला. माती उडून चष्म्यावर बसली.

नारळवाला सरसर खाली उतरला. "मास्तर, तुमी हो बोललात म्हनून कापला मी." बाकीचे माड तसेच सोडून तो गेला.

ग्रासकटर थांबल्यावर आजोबा पडवीत येऊन बसले.

"आवाज आला होता गं. शब्द नव्हते आले."

"मग हो कशाला म्हणालात?"

"सारखं 'काय? काय?' केलं की लोक बोलायचेच थांबतात."

मग म्हणाले, पोराला यातलं कळवू नकोस. मी मान हलवली. हलवताना लक्षात आलं, हाही त्यांच्यासारखाच 'हो'.

रविवार यायला चार दिवस होते. वाडीतल्या उरलेल्या माडांवर घड तसेच लटकत होते. मी विहिरीपाशी जाऊन फोन लावला. अवेळी फोन बघून मुलगा घाबरला. बाबा ठीक आहेत ना, त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मग मी वाक्य पूर्ण केलं.